दहा गुंठे लसूण: टोकणीपासून मसाल्याच्या हंगामातल्या विक्रीपर्यंत

सातारा-सांगलीकडे लसणाशिवाय चूल पेटत नाही, पण लसणाचे शेत मात्र शोधत फिरावे लागते. पूर्वी कांद्याच्या नाहीतर गाजराच्या वाफ्याच्या वरंब्यावर घरापुरत्या कुड्या, म्हणजे लसणाच्या पाकळ्या, टोचलेल्या असायच्या. ऊस वाढला तशी ती सवय मोडली. आता आपल्या बाजारात दिसणारा बहुतेक लसूण मध्य प्रदेश, राजस्थान आणि गुजरातकडून येतो. २०२४ मध्ये किरकोळ भाव किलोला चारशे रुपयांच्या वर गेले, तेव्हा अनेकांनी महागडे बियाणे घेऊन लागण केली. पुढच्या हंगामात माल निघाला तोवर भाव खूप उतरले होते. मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमचच्या बाजारात आवक वाढली की कराड आणि सांगलीतला भावही खाली येतो, आणि त्यावर आपला काहीच ताबा नाही.

म्हणून एकरभर लसूण लावून तो बाजार समितीत ओतावा, असे मी कुणाला सांगणार नाही. पाच-दहा गुंठे लावावा, नीट वाळवावा आणि घराघरात विकावा. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत लसूण निघतो आणि त्याच सुमाराला आपल्याकडे कांदा-लसूण मसाल्याचा हंगाम सुरू होतो. घरोघरी मिरच्या वाळत असतात, डंखापुढे, म्हणजे मसाला कांडण्याच्या यंत्रापुढे, रांगा लागतात. लहान शेतकऱ्याचे गणित या जुळणीवर बसते. पुढचे सगळे टप्पे त्याच हिशोबाने लिहिले आहेत.

टोकणीआधी गिऱ्हाईक

सप्टेंबरमध्येच वही घेऊन बसा. भावकी, पाहुणे, मुलांच्या शाळेतले शिक्षक, पतसंस्थेतली मंडळी, पुण्या-मुंबईला गेलेली गावची माणसे अशी नावे लिहा आणि वर्षाला किती लसूण लागतो ते प्रत्येकाला विचारा. किलोभर मिरचीच्या मसाल्याला पाव ते अर्धा किलो लसूण घालणारी घरे आपल्याकडे भरपूर आहेत. तीन-चार किलो मिरचीचा मसाला करणाऱ्या घराला एका फेरीत दीड-दोन किलो लसूण सहज लागतो, रोजच्या फोडणीचा वेगळा. गावातल्या डंखवाल्याला आणि मसाला विकणाऱ्या बचत गटाला भेटा. त्यांना एकदम वीस-तीस किलो लागतो, आणि एक गिऱ्हाईक सांभाळले की ते आणखी दहा जणांना सांगते.

या यादीची बेरीज जेवढी होईल तेवढेच गुंठे धरा. गुंठ्याला ६० ते १०० किलो वाळलेला माल ही धोका न पत्करता धरायची अपेक्षा आहे. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतले आकडे याहून वर जातात, पण पहिल्या वर्षी कमीच धरा. दहा गुंठ्यांतून ६०० किलो निघाले तरी वर्षाला चार किलो घेणारी दीडशे घरे लागतात. हा आकडा आधी डोळ्यांपुढे असला की उत्साहाच्या भरात एक एकर लावायचा मोह होत नाही.

जमीन

मध्यम, भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी. भारी काळ्या रानात गड्डा वेडावाकडा होतो आणि काढताना माती चिकटून माल काळवंडतो. वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात कृष्णाकाठची जी राने क्षारपड झाली आहेत, तिथे लसूण लावूच नका. कोरेगाव, खटाव, खानापूर, कवठेमहांकाळकडच्या मध्यम रानात, विहिरीला मार्चपर्यंत पाणी टिकत असेल तर लसूण चांगला येतो. आदल्या हंगामात कांदा किंवा लसूण होता ते रान टाळा, कारण मूळकूज आणि करप्याची बुरशी मातीत राहते. घेवडा, सोयाबीन किंवा भुईमूग निघालेले रान सर्वांत बरे.

परतीचा पाऊस लांबला तर घाई करू नका. वाफसा येऊ द्या, म्हणजे जादा ओल जाऊन रान मशागतीजोगे होऊ द्या. ओल्या रानात केलेले वाफे पुढे दगडासारखे घट्ट होतात आणि त्यात गड्डा फुगत नाही. उभी-आडवी नांगरट, कुळवाच्या पाळ्या आणि दहा गुंठ्यांना दोन टन, म्हणजे साधारण एक ट्रॉली, पूर्ण कुजलेले शेणखत, एवढी मशागत करा. शेणखत कच्चे असेल तर हुमणी अळी आणि तण दोन्ही घरात घेतल्यासारखे होईल.

बियाणे: इथेच पीक ठरते

लसणाला बी धरत नाही, कुडीच लावायची असते. त्यामुळे बियाण्यातला रोग तसाच पुढच्या पिकात उतरतो आणि बियाण्याचा खर्च सगळ्या खर्चात वरचा असतो.

बाजारातून दिसायला टपोरा, मोजक्याच जाड कुड्यांचा लसूण आणून लावू नका. थंड, डोंगराळ भागातल्या अशा जातींना गड्डा धरायला लांब दिवस लागतात. आपल्या हिवाळ्यातल्या लहान दिवसांत त्यांची पात वाढते, पण गड्डा भरत नाही. महाराष्ट्राच्या मैदानी भागात चालणाऱ्या जाती ठरलेल्या आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या गोदावरी, श्वेता आणि फुले बसवंत, राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा पर्पल आणि भीमा ओंकार, तसेच यमुना सफेद. गोदावरी, फुले बसवंत आणि भीमा पर्पल जांभळट सालीच्या, तर श्वेता, ओंकार आणि यमुना पांढऱ्या.

घरगुती विक्रीसाठी मी जांभळी जात निवडेन. आपल्याकडच्या बायका मसाल्याला आणि ठेच्याला जांभळट, बारीक कुडीचा, झणझणीत लसूणच मागतात. सोलायला वेळ लागतो हे माहीत असूनही मागतात. त्यांच्या जिभेची पारख बरोबरच आहे. गावात कुणाकडे वर्षानुवर्षे राखलेले गावरान बियाणे असेल तर त्याचेही दोन-तीन वाफे लावून पाहा. इथल्या हवेला ते सरावलेले असते.

लागवडीला गुंठ्याला साधारण पाच किलो कुड्या लागतात, म्हणजे दहा गुंठ्यांना पन्नास किलो. गड्डे मात्र साठ किलो घ्या, कारण गाभ्यातल्या बारीक कुड्या, साल आणि खराब माल बाजूला जातो. बियाणे मागच्या उन्हाळ्यात निघालेले आणि पाच-सहा महिने साठवलेले असावे. नुकत्या काढलेल्या लसणाची सुप्तावस्था संपलेली नसते, तो मागेपुढे उगवतो.

गड्डे टोकणीच्या फार तर दोन दिवस आधी फोडा. आधी फोडून ठेवलेल्या कुड्या सुकतात आणि त्यांवर बुरशी धरते. बाहेरच्या, जाड, साल शाबूत असलेल्या कुड्या बियाण्याला ठेवा आणि बारीक कुड्या स्वयंपाकघरात द्या. बारीक कुडीचा गड्डाही बारीकच होतो. लावण्यापूर्वी लिटरला एक ग्रॅम कार्बेन्डाझिमच्या द्रावणात कुड्या बुडवून सावलीत निथळू द्या. रासायनिक नको असेल तर किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळा. दोन्ही एकत्र करू नका, बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाही मारते.

टोकणी

दसरा झाला की रान तयार करा आणि मध्य ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा या काळात टोकणी उरका. लसणाला आधी थंडीत पात वाढवायला वेळ हवा असतो, दिवस मोठा आणि ऊन कडक होऊ लागले की तो गड्डा भरतो. नोव्हेंबर उलटून लावलेल्या पिकाला पात वाढवायला अवधीच मिळत नाही आणि गड्डा सुपारीएवढा राहतो. या चुकलेल्या तारखेची भरपाई पुढे कोणत्याही खताने होत नाही.

पाटपाणी असेल तर सपाट वाफे चालतात. ठिबक असेल तर १२० सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर उंच गादीवाफा आणि दोन वाफ्यांत ४५ सेंटिमीटरची सरी ठेवा. एका गादीवर ठिबकच्या दोन नळ्या पुरतात. दोन ओळींत १० सेंटिमीटर आणि दोन कुड्यांत साडेसात सेंटिमीटर अंतर ठेवा. जास्त अंतर दिले की गड्डे मोठे होतात खरे, पण एकूण माल घटतो आणि मोकळ्या जागेत भांगलण (खुरपणी) वाढते.

कुडीचे बूड खाली आणि टोक वर. दोन-तीन सेंटिमीटर खोल टोचून वरून भुसभुशीत माती ओढायची. उलटी पडलेली कुडीही उगवते, पण तिचा कोंब वळसा घेतो आणि गड्डा वाकडा होतो. या कामात बायकांचा हात बसलेला असतो. दोरी धरून, ओळीत, घाई न करता टोकणी होऊ द्या आणि मजुरी ठरवताना हे काम बसून, कंबर मोडून करायचे आहे हे लक्षात ठेवा. टोकणीनंतर लगेच हलके पाणी द्या. धार जोरात सोडली तर कुड्या वाहून वाफ्याच्या कोपऱ्यात गोळा होतात. दुसरे पाणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी.

खत, पाणी, भांगलण

हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश या शिफारशीने दहा गुंठ्यांचा हिशोब असा बसतो: सिंगल सुपर फॉस्फेट ३१ किलो, म्युरेट ऑफ पोटॅश साडेआठ किलो आणि युरिया २२ किलो. सुपर फॉस्फेट आणि पोटॅश सगळे टोकणीआधी मातीत मिसळा, त्यासोबत युरिया ११ किलो. राहिलेला युरिया दोन भागांत, एक महिन्याने आणि दीड महिन्याने. सुपर फॉस्फेटच घ्या असे सांगण्याचे कारण त्यातले गंधक. लसणाचा वास आणि तिखटपणा गंधकयुक्त घटकांमुळेच येतो. माती परीक्षण केलेले असेल तर हे आकडे त्याप्रमाणे बदला.

दोन महिन्यांनंतर युरियाला हात लावू नका. पात पिवळसर दिसली की शेजारी सांगतो, "मूठभर युरिया टाक, हिरवी होईल." ती हिरवी होतेही, पण आत भरत आलेल्या कुड्यांना पुन्हा कोंब फुटतात, माना जाड राहतात, गड्डा पोकळ आणि रबरासारखा लागतो. असा माल टिकत नाही आणि गिऱ्हाईकही तो पुन्हा घेत नाही.

मुळे उथळ असतात, म्हणून पाणी थोडे आणि वेळेवर द्यायचे. थंडीत रानाच्या मगदुरानुसार सात-आठ दिवसांनी, पुढे दहा-बारा दिवसांनी. रान कडक वाळवून एकदम भरपूर पाणी दिले की गड्डे फुटतात आणि कुड्या सुट्या होतात. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी पूर्ण तोडा.

भांगलणी दोन लागतातच, पहिली महिन्याच्या आत आणि दुसरी त्यानंतर तीन आठवड्यांनी. लसणाची पात अरुंद असते, ती तणाला झाकू शकत नाही. गड्डा धरू लागल्यावर खुरपे खोल घालू नका, मग तण हाताने उपटा.

करपा, फुलकिडे आणि कोळी

डिसेंबर-जानेवारीत नदीकाठी धुके आणि दव पडते, तेव्हा पातीवर लांबट चट्टे दिसू लागतात. जांभळट किंवा तपकिरी चट्टा, कडेने पिवळे, आणि पात टोकाकडून वाळत येते. हा करपा. पहिले चट्टे दिसताच मँकोझेब लिटरला अडीच ग्रॅम फवारा आणि त्यात स्टिकर (औषध पातीला चिकटवणारे द्रव्य) टाकायला विसरू नका, मेणचट पातीवर साधे पाणी थांबतच नाही. संध्याकाळी पाणी देऊन रात्रभर पात ओली ठेवणे टाळा.

फुलकिडे पातीच्या बेचक्यात बसून रस शोषतात आणि पातीवर पांढुरके ओरखडे उमटतात. प्लॉटच्या कडेने मक्याच्या दोन ओळी टोकणीच्या महिनाभर आधी लावल्या तर बाहेरून येणारे फुलकिडे अडतात आणि जनावराला वैरणही होते. निळे चिकट सापळे लावा. कोळी या बारीक किडीची लागण झाली की पान नीट उलगडत नाही, कडेने पिवळे पडते आणि वेटोळे घेते. त्यावर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम, उन्हाचा तडाखा नसताना फवारावे. याहून कडक औषध लागेल असे वाटले तर दुकानदाराला विचारण्याआधी बोरगाव, कालवडे किंवा कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रात पात घेऊन जा. शेजारच्या घरात जाणारा माल आहे, तेव्हा फवारणी आणि काढणी यांतले अंतर लेबलवर असेल तेवढे पाळलेच पाहिजे.

उसात लावायचा असेल तर

पूर्वहंगामी उसाची लागण आणि लसणाची टोकणी एकाच सुमाराला येते, त्यामुळे साडेचार-पाच फुटी सरीच्या वरंब्यावर लसूण छान बसतो आणि मोठ्या बांधणीच्या, म्हणजे उसाला मोठी भर लावण्याच्या, आसपास निघतो. वेगळे रान अडत नाही हा मोठा फायदा. मात्र तीन गोष्टी सांभाळा. उसाचा नंतरचा नत्राचा हप्ता लसणाच्या मुळाशी जाता कामा नये, तो उसाच्या बुडाशीच द्या किंवा लसूण काढेपर्यंत थांबा. उसाची तणनाशके या सऱ्यांत मारू नका. आणि शेवटच्या तीन आठवड्यांत ऊस पाणी मागतो तेव्हा लसूण कोरडा ठेवायचा असतो. ठिबक असेल तर हे जमते, पाटपाण्यावर अवघड जाते. पाटपाणी असणाऱ्याने सलग वाफेच करावेत.

काढणी आणि वाळवण

जातीनुसार १२० ते १४० दिवसांत पात पिवळी पडू लागते आणि माना मऊ होऊन झुकतात. निम्मी पात वाळली की दोन-चार गड्डे उपटून पाहा. कुड्या वेगळ्या जाणवत असतील आणि वरची साल कागदासारखी होऊ लागली असेल तर काढा. पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर साल फाटते आणि गड्डा जमिनीतच फुटतो. लवकर काढलात तर माल वजनाला बरा दिसतो, पण घरी नेल्यावर चिरमटतो.

जमीन घट्ट असेल तर खुरप्याने सैल करून पातीसकट उपटा. गड्डे आपटून माती झाडू नका, मार लागलेली कुडी आतून पिवळी पडून सडते. वाफ्यातच ओळीने अशी मांडणी करा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या गड्ड्यांवर येईल. ऊन थेट गड्ड्याला लागू द्यायचे नाही. दोन-तीन दिवसांनी माल छपराखाली आणा आणि हवेशीर सावलीत दहा-बारा दिवस वाळू द्या. मार्चमध्ये अवकाळी पावसाची भीती असतेच, म्हणून रानात पडलेल्या मालाजवळ ताडपत्री ठेवा. मात्र झाकून तसाच ठेवू नका, पाऊस थांबताच उघडा.

वाळलेला लसूण दोन प्रकारे ठेवता येतो. पात ठेवून वीस-पंचवीस गड्ड्यांची वेणी किंवा जुडी बांधून आढ्याला टांगा, किंवा मान दोन-अडीच सेंटिमीटर ठेवून कापा, मुळ्या छाटा आणि माल जाळीच्या पिशव्यांत भरा. घरासाठी आणि बियाण्यासाठी मी वेणीच पसंत करतो, चारी बाजूंनी वारा लागतो. प्लॅस्टिकच्या पोत्यात, तळघरात किंवा फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजमधल्या पाच-दहा अंशांच्या थंडीत लसणाची झोप मोडते आणि कोंब येतो. पाटण-जावळीसारख्या भरपूर पावसाच्या भागात जूनआधीच बहुतेक माल विकून टाकलेला बरा. माण, खटाव, आटपाडी, जतच्या कोरड्या हवेत तो पुढेही टिकतो. पाच-सहा महिने ठेवणार असाल तर वजनात पंधरा-वीस टक्के घट धरूनच भाव ठरवा.

विक्री

प्रतवारी घरीच करा, तीन ढीग पुरे. मोठे, एकसारखे गड्डे किलोच्या जाळीत, मध्यम माल मसाल्यासाठी पाच किलोच्या पिशवीत, आणि फुटके-सुटे गड्डे व बारीक कुड्या चटणीसाठी. बाजारात मिश्र माल नेला की सगळ्या मालाला बारक्याचा भाव मिळतो.

भाव ठरवताना आधी आपला खर्च मांडा. बियाणे, मशागत, टोकणी, भांगलण, काढणी, कापणी, पिशव्या, शिवाय घरच्या माणसांची मजुरीही धरा. ती न धरता काढलेला नफा खोटा असतो. त्याला विकण्याजोग्या वाळलेल्या किलोंनी भागा. समजा खर्च ३० हजार झाला आणि घट व बियाणे वजा जाता ५०० किलो माल उरला, तर किलोला साठ रुपये घरातूनच गेले. त्या आठवड्याचा किरकोळ बाजारभाव पाहा आणि तुमचा भाव त्याच्या आसपास ठेवा. घाऊक भावात गिऱ्हाईकाच्या दारात माल पोहोचवण्यात अर्थ नाही. बाजारभाव साठच्या खाली गेला असेल तर माल टांगून ठेवा आणि पावसाळ्याच्या तोंडाशी विका. ही सोय दहा गुंठ्यांच्या मालालाच परवडते.

यादीतल्या लोकांना काढणीआधी दोन आठवडे निरोप धाडा. व्हॉट्सॲपवर वाफ्याचा फोटो, जात, भाव आणि पोहोच देण्याचा दिवस, एवढे पुरते. आठवडी बाजारात बसायचे असेल तर वेणी टांगून बसा, लोक आपणहून थांबतात. चार कुड्या सोलून ठेवा आणि चव बघू द्या. २०१६ पासून राज्यात फळे-भाजीपाला नियमनमुक्त, म्हणजे बाजार समितीच्या बंधनातून मोकळा, आहे, त्यामुळे शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकायला आडकाठी नाही. उरलेला माल बाजार समितीत न्यावा लागला तर पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद) हातात घेऊन वजन, हमाली, तोलाई हे सगळे कलम वाचा. फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नसते, कापली असेल तर तिथेच विचारा.

जानेवारीत दाट झालेल्या ओळींतून थोडा ओला लसूण पातीसकट उपटून जुड्या विकता येतात. हुरड्याच्या दिवसांत हिरव्या लसणाच्या ठेच्याला मागणी असते आणि हातात पहिला पैसा येतो. फवारणी झालेल्या वाफ्यातली पात मात्र विकू नका. चटणी किंवा मसाला करून विकायचा असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी आधी काढा, आणि शक्यतो गावातल्या बचत गटालाच माल द्या. भाजण्या-कांडण्याचे त्यांचे प्रमाण बसलेले असते.

पुढच्या वर्षाचे बियाणे

विक्री सुरू करण्याआधी बियाणे बाजूला काढा, शेवटी उरेल ते नव्हे. वाफ्यात पीक उभे असतानाच निरोगी, जोमदार झाडांच्या ओळींना काठ्या रोवून खूण करा. पिवळे पट्टे पडलेली, खुरटलेली झाडे विषाणूची असू शकतात, त्यांचे गड्डे खाण्यात जाऊ द्या. दहा गुंठ्यांसाठी साठ किलो लागतात आणि साठवणीतली घट धरून पंच्याहत्तर किलो ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा वेण्या उतरवून पोकळ आणि काळे पडलेले गड्डे काढून टाका. पंधरा-वीस किलो जास्त राखलेत तर ऑक्टोबरमध्ये शेजारचेच लोक बियाण्याला विचारत येतात, आणि तेव्हा खाण्याच्या लसणापेक्षा चांगला दर मिळतो.